कान झाकल्यावर काय ऐकू येतं : बंद हेडफोनबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की स्टुडिओसाठी बंद कपांचे (मागून बंद असलेले) हेडफोन घेताना पहिल्या मिनिटाच्या बेसला, म्हणजे खालच्या जाड सुरांना, भुलू नका. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छाटलेत.

प्रश्न : सर नमस्कार, मी घरी गाणं रेकॉर्ड करायला सुरुवात केलीये, एक कंडेन्सर माइक आणि छोटा इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे. आता बंद हेडफोन घ्यायचेत. तीन-चार जोड्या ऐकून बघायला मिळणारेत पण प्रत्येकी जेमतेम दहा मिनिटं. एवढ्यात काय ऐकायचं आणि ठरवायचं कसं?

उत्तर : दहा मिनिटं पुरतात, फक्त ती आवडीची गाणी ऐकण्यात घालवू नका. आवडतं गाणं कुठल्याही हेडफोनवर आवडतंच, आपण चालीत रमतो आणि हेडफोन तपासायचा राहून जातो.

जायच्या आधी घरी एक काम करा. तुमच्या घरातलं कुणीतरी, ज्याचा आवाज तुम्ही रोज ऐकता, त्याला माइकसमोर बसवून दोन मिनिटं साधं बोलायला लावा आणि ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवा, इक्यू (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणं) नाही, कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज जवळ आणणं) नाही, काही नाही. ही तुमची सगळ्यात चांगली टेस्ट फाइल. गाण्यातला आवाज मुळात कसा होता ते आपल्याला माहीतच नसतं, तो कितीतरी हातांतून गेलेला असतो, पण आईचा किंवा भावाचा आवाज कसा आहे हे कानाला पक्कं ठाऊक असतं. तो आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका सूर वरचा) काहीतरी फुगलंय, बंद हेडफोनमधे हा दोष फार दिसतो कारण कपाच्या आतली हवा आणि भिंती आपला रंग चढवतात. आवाज लांब गेल्यासारखा, पडद्यामागून आल्यासारखा वाटला तर २-३ किलोहर्ट्झला खड्डा आहे. आणि ‘स’, ‘श’, ‘च’ टोचायला लागले तर ५ पासून ९ किलोहर्ट्झपर्यंत कुठेतरी टोक आहे. माइकचा स्वतःचा रंग त्या फाइलमधे असतोच, पण तो सगळ्या हेडफोनना सारखाच मिळतो त्यामुळे तुलना बिघडत नाही.

दुसरी फाइल बेसची. कुठल्याही सॉफ्टवेअरमधे साध्या बेसच्या आवाजात खालच्या ई (E) सुरापासून एकेक सूर चढत जाणारी दोन सप्तकं वाजवून ठेवा, सगळे सूर सारख्याच जोराने. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते, तिथून सुरू करा. चांगल्या हेडफोनवर पायऱ्या एकसारख्या चढतात. वाईटावर एखादाच सूर एकदम धडकतो आणि पुढचा गायब होतो. असा हेडफोन गाण्यात ‘दणकट’ वाटतो, कारण कुठलाही ड्रम आला की तोच एक सूर घुमतो. तबल्याचं रेकॉर्डिंग असेल तर आणखी उत्तम, डग्ग्यावर मनगट दाबून जो सूर वर सरकतो तो सलग सरकतोय का मधेच फुगून परत बसतोय ते नीट ऐका. तंबोऱ्याच्या जवारीवरून वरच्या पट्टीचा अंदाज येतो, ती रेशमासारखी सलग यायला हवी, वाळू चोळल्यासारखी नको.

आणि हे सगळं करताना एक अट पाळायचीच : आवाजाची पातळी सारखी ठेवायची. एका हेडफोनचा आवाज दुसऱ्यापेक्षा एखाद-दोन डेसिबलने जरी मोठा असला तरी आपल्याला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, जास्त स्पष्ट, जास्त भरलेला. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं की आवाज लहान असला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणजे नुसता व्हॉल्यूम वाढवला तरी बेस वाढल्यासारखा वाटतो. म्हणून प्रत्येक जोडी लावल्यावर ते बोलण्याचं रेकॉर्डिंग चालू करून, समोर माणूस बसून बोलतोय एवढाच आवाज ठेवा आणि मग नॉबला हात लावू नका.

शेवटची दोन मिनिटं डाव्या-उजव्यासाठी. तेच बोलणं मोनोमधे (दोन्ही कानांना एकच आवाज) लावा, आवाज बरोब्बर कपाळाच्या मधोमध आला पाहिजे. डावीकडे कललेला वाटला तर हेडफोन उलटा घाला. आता तो उजवीकडे कलला तर दोष हेडफोनचा, अजूनही डावीकडेच राहिला तर फरक तुमच्या कानाचा किंवा बसण्याचा आहे, हेडफोनला बोल लावू नका.

यादीत काय असावं असं विचाराल तर सोनी एमडीआर-७५०६ (१९९१ पासून चालत आलेला, ६३ ओहम, ओहमबद्दल पुढे सांगतो), बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स (२०१४ चा, ३८ ओहम, केबल सुटी होते) आणि सेनहायझर एचडी २८० प्रो (६४ ओहम) हे चार ऐकाच. चारही स्टुडिओत झिजलेले आहेत आणि चारही एकमेकांपेक्षा स्पष्ट वेगळे वाजतात, म्हणजे कानाला फरक ओळखायचा सरावही होतो. सोनी वरच्या पट्टीत तिखट आहे, चूक लगेच दाखवतो. डीटी ७७० मधे खाली भरपूर आणि वर ८-९ किलोहर्ट्झच्या आसपास चमक, मधला भाग त्या मानाने मागे. गाणं रेकॉर्ड करायला मी सोनी पसंत करीन, तासन् तास घालायला डीटी ७७०.

प्रश्न : दादा, माझ्याकडे आणि माझ्या मित्राकडे सेम मॉडेल आहे. तो म्हणतो बेस जास्त आहे, मला तर बेसच नाही असं वाटतं. माझा पीस खराब निघाला का? मला चष्मा आहे, त्याला नाही.

उत्तर : तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे, आणि माझ्या मते बंद हेडफोनबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्टही तीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खुल्या हेडफोनमधे ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागाच्या) मागची हवा बाहेर मोकळी असते. बंद हेडफोनमधे पुढे तुमचा कान, मागे कप आणि भोवती पॅड, असा एक छोटा बंद डबा तयार होतो. खालच्या सुरांची लहर लांबच लांब असते, १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर, ती त्या एवढ्याशा डब्यात लहर म्हणून मावतच नाही. तिथे होतं काय तर ड्रायव्हर आतली हवा दाबतो आणि सोडतो, आणि तो दाब कानाच्या पडद्याला बेस म्हणून कळतो. आता या डब्याला कुठे फट राहिली तर दाब तिथून निसटतो, आणि जितका सूर खालचा तितका निसटायला त्याला जास्त वेळ मिळतो. वरच्या सुरांना फटीने फारसा फरक पडत नाही. म्हणजे चष्म्याच्या काडीने पॅड दोन मिलिमीटर उचलला तरी तेवढ्यानेच बेस खाली कोसळतो आणि बाकीचं सगळं जिथल्या तिथे राहतं, त्यामुळे हेडफोन ‘पातळ’ आणि तिखट वाटायला लागतो.

खात्री करून घ्या. सलग वाजणारा ५० हर्ट्झचा सूर लावा, चष्मा काढा, दोन्ही कप तळहाताने हलके दाबा, अगदी हलके, जोर लावला तर वेगळाच आवाज येईल. बेस भरून आला तर पीस ठीक आहे, सील, म्हणजे पॅडची हवाबंद बसण, गळतंय. केसांची जाड बट, कानातलं, दाढीचे कल्ले, जबड्याखालचा खळगा, या सगळ्यांनी हेच होतं. तोंड उघड-मीट करून बघा, काहींच्या बाबतीत जबडा हलला की सील तुटतं आणि बेस येतो-जातो, गायकाला याचा फार त्रास होतो.

मी स्वतः यात चांगला फसलोय. चष्मा लागल्यावर पहिले काही महिने मी केलेली मिक्सिंग (वेगवेगळे ट्रॅक जुळवून गाणं बनवणं) बाहेर ऐकली की खालून सुजलेली वाटायची, एका बँडचं अख्खं काम मला पुन्हा करून द्यावं लागलं होतं, आणि मी इंटरफेस बदलला, केबल बदलली, खोलीत फोम लावला, चष्म्याचा विचार डोक्यात आलाच नाही. हेडफोनवर बेस कमी ऐकू येतोय म्हणून मी तो गाण्यात वाढवत होतो. तेव्हापासून काम करताना बारीक, चपट्या काड्यांचा वेगळा चष्मा वापरतो.

तुम्हाला उपाय दोन, एक बारीक काड्या, दुसरा मऊ आणि जाड पॅड जो काडीभोवती बसतो. आणि घेताना हेडफोन चष्मा घालूनच ट्राय करायचा, काढून नाही.

प्रश्न : एकाच मॉडेलमधे ३२, ८० आणि २५० ओहम असे प्रकार असतात. सगळे म्हणतात २५० चा आवाज सगळ्यात स्वच्छ. माझ्याकडे लॅपटॉप आणि फोन आहे, पुढे इंटरफेस घेईन. कोणता घेऊ?

उत्तर : ८० घ्या.

आता कारण. ओहमचा आकडा म्हणजे दर्जाची पायरी नाही, त्या हेडफोनला किती व्होल्टेज लागणार त्याचा तो अंदाज आहे. डीटी ७७० प्रोचंच उदाहरण घेऊ, कंपनी १ मिलिवॉटला ९६ डेसिबल असा आकडा देते. ड्रमच्या ठोक्यासारख्या क्षणिक उंच आवाजाला ११० डेसिबलपर्यंत जागा हवी असं धरलं, तर १४ डेसिबल वाढवायचे म्हणजे साधारण २५ मिलिवॉट. २५० ओहमला तेवढी पॉवर द्यायला अडीच व्होल्ट लागतात, ८० ओहमला साधारण १.४, आणि ३२ ला ०.९ व्होल्ट. फोन किंवा लॅपटॉपमधून बऱ्याचदा एक व्होल्टच्या आसपास मिळतं, कधी त्याहून कमी. म्हणजे २५० ओहमवाला फोनवर वाजणार नाही असं नाही, वाजेल, पण हळू बोलणारं रेकॉर्डिंग ऐकताना व्हॉल्यूम शंभर टक्क्यांवर आणि तरी पुरत नाही अशी वेळ येईल.

पण फक्त ओहम बघून ठरवू नका, सेन्सिटिव्हिटीपण (तेवढ्याच पॉवरला किती मोठा वाजतो ते) बघा. सोनी ७५०६ चे ६३ ओहम आहेत आणि १ मिलिवॉटला १०६ डेसिबल, म्हणजे तो ८० ओहमच्या डीटी ७७० पेक्षा खूपच सहज वाजतो, ओहममधे फरक किरकोळ असूनही.

आणखी एक गोष्ट, तुम्ही ज्याला हेडफोन लावताय त्या यंत्राचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विद्युत अडथळा, ओहममधेच. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा तो कमी असावा असा ढोबळ नियम आहे. डायनॅमिक ड्रायव्हरचा इम्पिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो, बेसच्या एका जागी तो वर जातो, आणि यंत्राचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असला की नेमका त्याच जागी आवाज फुगतो. कुणी म्हणालं की ‘माझ्या अँपवर बेस गोल आणि गरम येतो’ तर कधीकधी गोष्ट एवढीच असते.

प्रश्न : रिव्ह्यूमधे कुठला सूर किती मोठा वाजतो त्याचे ग्राफ देतात त्यात कुठलाच हेडफोन सरळ रेषेत नसतो, मग ‘फ्लॅट’ कशाला म्हणायचं? आणि हार्मन कर्व्ह म्हणजे नक्की काय?

उत्तर : सरळ रेषा आली तर तो हेडफोन ऐकायला बेकार असेल. समोरच्या स्पीकरचा आवाज कानाच्या पडद्यापर्यंत येताना आपलं डोकं, कानाची पाळी आणि कानाची नळी त्यात भर घालतात. नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आहे, तिच्यामुळे आणि पाळीच्या खळग्यामुळे ३ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा तयार होतो. मेंदूला याची जन्मापासून सवय आहे. हेडफोन मोजतात तेही कृत्रिम कान लावून, म्हणून चांगल्या हेडफोनच्या ग्राफमधे तिथे डोंगर दिसायलाच हवा.

तो डोंगर किती उंच आणि खाली बेस किती, यावर हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या, २०१३ पासून त्यांचे निबंध येत गेले. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात तसं हेडफोनवर ऐकू आलं तर बहुतेकांना आवडतं, हा त्याचा गाभा. त्यातून जो कर्व्ह निघाला त्यात ३ किलोहर्ट्झला उंचवटा आहे आणि १०० हर्ट्झच्या खाली बेस थोडा वर उचललेला आहे.

ग्राफ मी जरूर बघतो, पण २०० हर्ट्झपासून ५-६ किलोहर्ट्झपर्यंतचा भाग गांभीर्याने बघतो. त्याच्या खाली तुमचं सील बोलतं, जे ग्राफ काढणाऱ्याच्या कृत्रिम डोक्यासारखं नाही. आणि वर ८-१० किलोहर्ट्झला लहर तीन-चार सेंटिमीटरची होते, म्हणजे तुमच्या कानाच्या पाळीएवढी, त्यामुळे पाळीचा आकार आणि पॅड कुठे बसला यावर टोकं सरकतात. ग्राफमधे ९ किलोहर्ट्झला सुळका दिसतोय आणि तुम्हाला तो ऐकूच येत नाही असं होऊ शकतं, किंवा उलटं. एखाद्या पट्ट्यात रुंद फुगवटा किंवा खड्डा असेल तर तो खरा मानायचा, सुईसारख्या टोकांवर वाद घालत बसायचं नाही.

प्रश्न : नवा हेडफोन शंभर तास वाजवून ‘बर्न-इन’ करावा का?

उत्तर : गरज नाही. पहिल्या काही दिवसांत बदलतं ते मुख्यतः दोन ठिकाणी, पॅडचा फोम मऊ होऊन कानाभोवती नीट बसतो म्हणजे सील सुधारतं, आणि तुमच्या कानाला त्या आवाजाची सवय होते. हे दोन्ही घालून वापरल्यानेच होतं, रात्रभर कपाटात वाजत ठेवून नाही. फक्त यासाठी घेतल्याघेतल्या मत बनवू नका, आठवडाभर वापरा.

प्रश्न : कान घामेजतात म्हणून मी लेदरसारखे पॅड काढून बाहेरून मागवलेले मखमली पॅड लावले. आता आवाज एकदम उघडा पण हलका वाटतो, बेस गेला. आधीचे फेकून दिलेत. काय करू?

उत्तर : पॅड म्हणजे उशी नाही, तो त्या डब्याची भिंत आहे. रेक्झिन किंवा लेदरसारख्या कापडातून हवा जात नाही, मखमलीतून थोडी जाते, म्हणजे सगळीकडून बारीक गळती. शिवाय जाडी बदलली की ड्रायव्हर कानापासून लांब किंवा जवळ जातो, आतल्या भोकाचा आकार बदलला की वरची पट्टी बदलते. तुम्ही फक्त कापड बदललं असं तुम्हाला वाटतंय, पण खरं तर हेडफोन बदललाय.

मग डीटी ७७० प्रोच्या ८० आणि २५० ओहमला मखमली पॅड असूनही बेस भरपूर कसा, असं कुणीतरी विचारणारच. तो हेडफोन बनवतानाच त्या पॅडची गळती धरून बनवलाय, ड्रायव्हर आणि कप त्या हिशेबाने जुळवलेत. तुमच्या हेडफोनमधे ती तजवीज नाही. कंपनीचेच मूळ पॅड परत मागवा. घामासाठी दर पाऊण तासाने हेडफोन काढून ठेवायचा आणि पॅड कोरड्या फडक्याने पुसायचे, त्याने कानही ताजे राहतात.

प्रश्न : आमच्याकडे मॉनिटर स्पीकर लावायची सोय नाही, शेजारी त्रासतात. पूर्ण मिक्सिंग बंद हेडफोनवर करता येईल का? खरं खरं सांगा.

उत्तर : करता येतं. त्रास होतो, पण तो ठरावीक तीन जागीच होतो, आणि त्या जागा माहीत असल्या की सांभाळता येतात.

पहिली जागा बेस, त्याबद्दल वर पुरेसं लिहिलंय. दुसरी जागा रुंदी. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही थोडा उशिरा आणि थोडा कमी पोचतो. हेडफोनवर डावं फक्त डाव्याला. म्हणून एकदम टोकाला टाकलेली गिटार हेडफोनवर कानात बोट घातल्यासारखी वाटते, आपण ती आत ओढतो, आणि मग स्पीकरवर सगळं मधे गोळा झालेलं ऐकू येतं. तिसरी जागा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा. हेडफोनवर खोलीचा स्वतःचा घुमारा नसतो, त्यामुळे रिव्हर्बची शेपटी अगदी शेवटपर्यंत ऐकू येते आणि थोडाच टाकला तरी पुरेसा वाटतो, माझी हेडफोनवरची सुरुवातीची कामं स्पीकरवर कोरडी ठणठणीत निघायची.

यावर मला जे उपयोगी पडलं ते असं. ज्या प्रकारचं काम करताय त्या प्रकारची, चांगली मिक्स झालेली दोन-तीन गाणी प्रोजेक्टमधेच एका ट्रॅकवर ठेवा, आणि त्यांची पातळी तुमच्या मिक्सएवढी खाली आणा, कारण ती मास्टर झालेली (शेवटचा हात फिरवून मोठी केलेली) असतात, मोठीच वाजणार आणि मोठं ते चांगलं वाटणार. दर दहा मिनिटांनी तिकडे जाऊन या. गायकाचा आवाज आणि बेस यांचं नातं त्या गाण्यांत कसं आहे तेवढंच ऐका आणि परत या. मग मिक्स मोनो करून, अगदी हळू आवाजात, जेमतेम ऐकू येईल एवढ्यावर ऐका, तेव्हा जे गायब होतं ते खरंच कमी आहे. आणि शेवटी फोनच्या स्पीकरवर, कारमधे, टीव्हीवर ऐकून चुका वहीत लिहा. दहा कामं झाली की वहीत तुम्हाला एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसेल, ‘बेस जास्त’ किंवा ‘आवाज मागे’ किंवा ‘कोरडं’. ती तुमच्या हेडफोनची ओळख. पुढच्या कामात तेवढं उलट दिशेने सांभाळायचं. म्हणूनच मी सांगतो की दर सहा महिन्यांनी हेडफोन बदलू नका, ही वही परत पहिल्या पानापासून लिहायला लागते.

खुला हेडफोन घेणं शक्य असेल तर मिक्सिंगला तो घ्या आणि बंद रेकॉर्डिंगला ठेवा. दोन्ही परवडत नसतील तर बंद घ्या, कारण बंद हेडफोनवर मिक्सिंग होतं, पण खुला घालून माइकसमोर गाता येत नाही, त्यातून निसटलेला आवाज माइकमधे जातो.

प्रश्न : ब्लूटूथचा बंद हेडफोन रेकॉर्डिंगला चालेल का?

उत्तर : ऐकायला चालेल, गायला नाही. ब्लूटूथचा उशीर सहज १०० ते २०० मिलिसेकंद असतो, आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज १० मिलिसेकंद उशिरा आला तरी खटकायला लागतं. वायरच लावा.

प्रश्न : मी दिवसाचे सहा-सात तास हेडफोनवर असते. रात्री कानात हलकी शिट्टी वाजते. बंद हेडफोनमुळे होतंय का?

उत्तर : ताई, आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, हे पुढे ढकलू नका. शिट्टी वाजणं ही कानावर ताण पडल्याची खूण असू शकते.

हेडफोन बंद की खुला यापेक्षा किती मोठा आणि किती वेळ हे महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाचच. दिवसाला सहा-सात तास म्हणजे तुमचे ४० तास तिथेच भरतायत, त्यामुळे ८० च्या वर जायला तुम्हाला जागाच नाही.

बंद हेडफोनचा यात उलट फायदाच करून घेता येतो. बाहेरचा गोंगाट कमी आत आला की आवाज वाढवायला लागत नाही. एचडी २८० प्रोला कंपनी ३२ डेसिबलपर्यंत बाहेरचा आवाज अडवतो असं सांगते, पण तो आकडा सगळ्या सुरांना लागू नसतो, हवेतून येणारं बोलणं आणि खणखणाट छान अडतो, पंख्याची किंवा ट्रकची घरघर बरीचशी आत येतेच. त्या घरघरीवर मात करायला लोक व्हॉल्यूम वाढवतात, तिथे चुकतं. सकाळी कान ताजे असताना आवाज ठरवा, नॉबवर टेपची खूण करा, आणि दिवसभर त्या खुणेच्या वर जायचं नाही. संध्याकाळी तोच आवाज कमी वाटायला लागला तर तो कान थकल्याचा इशारा आहे, तिथे काम थांबवा.

प्रश्न : गायिका बंद हेडफोन घालूनच गाते तरी माइकमधे क्लिकचा (हेडफोनमधे लावलेल्या तालाच्या ठोक्यांचा) टिकटिक आवाज येतो, शांत जागी तर स्पष्ट. आणि ती सारखा एक कप कानावरून काढते. दुसरा हेडफोन घ्यावा का?

उत्तर : तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, तिने कप का काढला ते आधी बघा. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज हाडांतून आत घुमतो, खालचा भाग फुगतो, तोंडात डबा धरल्यासारखं वाटतं आणि सूर कळेनासा होतो. म्हणून हात आपोआप कपाकडे जातो. आणि मोकळा झालेला कप थेट माइककडे तोंड करून टिकटिक करत राहतो.

तिला तिचा आवाज हेडफोनमधे थोडा जास्त द्या, जरासा रिव्हर्ब घालून, आणि बाकीचं संगीत खाली आणा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच कप जागेवर राहतो. तरी एक कान मोकळा हवाच असेल तर हरकत नाही, कित्येक चांगले गायक तसंच गातात, पण मग त्या बाजूचं आउटपुट इंटरफेसमधून पूर्ण बंद करा आणि मोकळा कप कानामागे डोक्याला चिकटून राहील असा सरकवा. एकेजीच्या के२७१ मधे हेडफोन डोक्यावरून काढला की आवाज आपोआप बंद होण्याची सोय आहे, टेक संपल्यावर माइकशेजारी टांगून ठेवणाऱ्यांसाठी फार कामाची.

मग क्लिककडे वळा. बहुतेक सॉफ्टवेअरमधे मिळणारी क्लिक टोकदार, वरच्या सुरांची असते, आणि कप-पॅडच्या फटीतून निसटलेला तोच आवाज माइकला सगळ्यात आधी सापडतो. तिच्या जागी लाकडी ठोक्यासारखा, जरा खालच्या सुराचा आवाज लावा आणि वरचं फिल्टरने छाटा. शांत ओळींना क्लिकची पातळी ऑटोमेशनने खाली आणा, आणि शेवटच्या लांब सुराच्या आधी ती पूर्ण बंद करा, तिथे लय धरायची नसते आणि नेमकी तिथेच टिकटिक ऐकू येते. एवढं करूनही राहिली तर तिचं सील बघा, कानातले झुमके काढायला सांगा, केस पॅडच्या मागे घ्यायला सांगा. नवा हेडफोन त्यानंतर.